उन्हाला

आन्येझेला ळ येत नाही.
जीभ मागं दुमडून बघते, हसते, सोडून देते.
तळ्याला तला म्हणते, केळ्याला केला,
आणि उन्हाळ्याला – उन्हाला.
जणू कुणाला तरी काही द्यायचं राहून गेलंय.

मे महिन्याचा दुसरा रविवार.
साताऱ्याच्या स्टँडवर साडेसहाची किकली
सव्वासातला लागली.
तिच्या पाठीवर तीन बाटल्या, मोजपट्टी, वही;
सहा महिन्यांसाठी आलीय ती इथं,
गडावरची पाण्याची टाकी मोजायला.
माझ्या पिशवीत दशम्या, चटणी
आणि आईनं दारात कोंबलेले दोन कांदे.
"खिशात असला की ऊन बाधत नाही.
त्या अंजीलाही दे एक."
आईसाठी ती पहिल्या दिवसापासून अंजी.

हायवेवरून जाता-येता
ते बघा चंदन-वंदन, म्हणून
किती पाहुण्यांना दाखवलेत मी हे दोघे.
वर कधी गेले नाही.
बोट दाखवायला पाय लागत नाहीत.

बेलमाचीच्या वाटेवर नऊलाच दगड तापलेले.
वणव्यात जळून गेलेलं गवत,
पाऊल टाकलं की काळी भुकटी घोट्यापर्यंत.
हे झाड कोणतं?
ठाऊक नाही गं.
हा पक्षी?
बुलबुल. बहुतेक.
तो लांबचा डोंगर?
जरंडा, बहुतेक.
ती सगळं लिहून घेते. मान खाली, नाकावरून घाम वहीत.

अर्ध्या चढावर, एका खडकाच्या हातभर सावलीत
ती सांगते तिच्या गावाचं.
तेही असंच, डोंगराच्या टाळूवर, दगडी.
शाळा खाली गेली, दवाखाना खाली गेला,
मागोमाग माणसं.
आता वर अकरा जण आणि एक घंटा.
उन्हाळ्यात कुठल्या कुठल्या देशांतली शिकायला आलेली पोरं येतात,
आईस्क्रीम चाटत गल्ल्यांचे फोटो काढतात,
साडेपाचच्या बसनं उतरून जातात.
"मला राग यायचा त्यांचा," म्हणते,
"आज मीच ते पोर."
मी दशमी मोडत राहिले.
मीही तेच पोर होते.
माझं तर तिकीटही अर्धं लागलं होतं.

वर दर्ग्याच्या सावलीत लियाकतचाचा.
देश विचारला नाही, नाव विचारलं नाही.
"किती वेळ थांबणार?"
"थोडा वेल."
"वेल लावणार असशील बेटा,
तर पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल,"
आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते इतके हसले
की हंड्यातलं पाणी ओतताना निम्मं तिच्या बुटांवर.

टाकं हिरवं, गप्प.
लांबी अकरा फूट, रुंदी नऊ.
खोली? दोरी संपली.
तिनं तेच लिहिलं, दोरी संपली.

उतरताना जाळीत करवंदं दिसली
आणि दिवसभरात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं.
थांब, चावू नकोस. आधी सांग,
कोंबडा की कोंबडी?
आत लाल निघालं तर कोंबडा,
पांढरट निघालं तर कोंबडी.
ती हरली. हरली. सलग सात वेळा हरली,
आठव्याला जिंकून अशी ओरडली
की खालच्या बांधावरची शेळी वळून बघत राहिली.
मग चिकानं ओठ ओठाला लागले
आणि बराच वेळ
ळ काय, ल सुद्धा आला नाही कुणाला.

परतीच्या गाडीत तिची वही चाळली.
तिरक्या देवनागरीत झाडांची नावं:
करवंद. बोर. बहुतेक.
पक्ष्यांतही एक बहुतेक.
मी खोडलं नाही.

घरी आईनं आधी खिसे तपासले.
माझा कांदा होता, वास धरलेला, कोमट.
"आणि तुझा गं अंजे?"
ठेवला, ती म्हणाली, वर. टाक्याच्या काठावर.
"अगं कुणाला?"

"उन्हाला."